व्हॉल्व्ह तापेपर्यंत

"पंखा बंद करतो हं वहिनी, जरा सोसा," असं म्हणत खांबेट्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. एप्रिलची दुपार, खिडक्या लावलेल्या, आणि त्या खोलीत होता नव्हता तेवढा वाराही थांबला.

मी सोफ्यावर बसले होते. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात, मांडीवर एक्स-रेची मोठी प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे पाठ करून खुर्चीत हे बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, शशिकांत निकम, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे टेबलावर तीन अ‍ॅम्प्लिफायर मांडले होते. लोखंडी पेट्या आणि वर उभे केलेले काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओच्या पोटात असायचे तसे. खांबेटे स्वतःच्या हातांनी ते बांधायचे. कोथरूडमधल्या त्यांच्या फ्लॅटची एक खोली याच कामाला दिलेली होती.

"तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतील," ते म्हणाले. "गार व्हॉल्व्हवर मत बनवायचं नाही."

"वेळ आहे आपल्याला," हे म्हणाले.

मला वेळ नव्हता. साताऱ्याला घरी अण्णा होते. शेजारच्या मोकाशी सिस्टर त्यांच्यापाशी बसल्या होत्या, पण त्यांनी सहापर्यंतचं कबूल केलं होतं आणि आता दोन वाजले होते. पण सकाळपासून डॉक्टर, एक्स-रे, परत डॉक्टर असं करून मी इतकी थकले होते की बसायला मिळालं याचंच मला बरं वाटत होतं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तो सोफा मात्र मला अजून आठवतो. मऊ होता. पाठ टेकली की डोळे मिटायचे.

अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. चित्रकलेचे मास्तर होते, लग्न केलं नाही. वडील लवकर गेल्यावर ह्यांचं शिक्षण त्यांनीच केलं. आमच्या लग्नात माझ्या वडिलांशी बोलणी करायला तेच आले होते आणि "मुलीची नोकरी चालू राहील ना?" असं वडिलांनी विचारल्यावर "तिची इच्छा असेल तोवर" असं त्यांनीच सांगितलं होतं. मुलींच्या शाळेत मी ग्रंथपाल होते. अण्णांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझी चार वर्षं राहिली होती. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. एखादा शब्द निघायचा, पण त्यासाठी त्यांना सगळा चेहरा ओढावा लागायचा. मी नोकरी सोडली. पुढच्या वर्षी हे निवृत्त झाले. मला वाटलं, चला, आता दोघं आहोत.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी स्वतःसाठी एक वस्तू घेतली, हेडफोन. ह्यांना गाण्याचा नाद पहिल्यापासून. नोकरीत धरणांच्या कामावर फिरताना ऐकायचं राहून गेलं, ते आता निवांत ऐकायचं म्हणाले. हेडफोन भारी होते. मखमली गाद्या, आणि दोन्ही कानांवर बाहेरून काळी जाळी, चहाच्या गाळणीसारखी. मी दर रविवारी मऊ ब्रशने ती पुसायची. मला वाटायचं, जाळी शोभेची असेल.

गॅलरीत वेताची खुर्ची टाकून हे बसायचे. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. गॅलरीला लागूनच अण्णांची खोली, तिच्यापुढे न्हाणीघर. अण्णांची कूस बदलायची असली, त्यांना उठवून बसवायचं असलं, की मी हाक मारायची, "अहो, जरा हात द्या." हे डोळे मिटून बसलेले असायचे. मग माझं मीच करायची. इतके मोठे हेडफोन कानावर, त्यांना बिचाऱ्यांना कसं ऐकू येणार? दोनेक वर्षं मी हेच धरून चालले.

त्या फेब्रुवारीत अण्णा न्हाणीघरात घसरले. मी त्यांना स्टुलावर बसवून पाठीवर पाणी घालत होते. साबणावरून स्टूल सरकलं आणि ते कुशीवर पडले. मी ओरडले. "अहो! अहो, अण्णा पडले! लवकर या!" किती वेळा, ते मला आठवत नाही. अण्णा ओल्या फरशीवर, उघडे, थंडीने कुडकुडत होते. शेवटी मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. माझ्या खांद्यात काहीतरी फाटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. त्यांना पुसून, कपडे घालून, पलंगावर निजवलं, तेव्हा हे हेडफोन काढून आत आले. माझा हात बघून म्हणाले, "अगं, हाक मारायची ना!"

मी म्हटलं, "मारली हो. तुम्हाला ऐकू नसेल आलं."

दोन महिने मलमं आणि शेक करून बघितले. मग पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "आलोच आहोत पुण्याला तर खांबेट्यांकडेही जाऊन येऊ," हे म्हणाले. टीव्हीला किंवा फोनला जोडून ते हेडफोन धड वाजत नाहीत, त्यांना वेगळी ताकद लागते, आणि खरं गाणं ऐकायचं तर व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर हवा, असं त्यांनी बरंच वाचून ठरवलं होतं. दोन वर्षं ते मांडीवर मावेल अशा, आवाज कमी-जास्त करायच्या एका लहानशा डबीवर भागवत होते. वह्या भरल्या होत्या त्यांनी. कुठल्या हेडफोनला कुठला जोड, कोण काय म्हणतो.

डॉक्टरांनी सकाळी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "पाण्याचा तांब्या उचला, त्यापेक्षा जड काही नाही. नाहीतर ऑपरेशन." हे शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "खांबेटे दोनला बोलावतायत. तोपर्यंत कुठे जेवायचं?"

तर मी सोफ्यावर होते. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. खांबेट्यांनी पहिल्या पेटीला ह्यांचे हेडफोन जोडले, ह्यांच्याच जवळची रेकॉर्डिंग लावली. हे डोळे मिटून ऐकायला लागले.

"हा गोड आहे," खांबेटे म्हणाले. "गाणारा पुढे येऊन बसतो. कसं वाटतंय?"

"गोड आहे, पण तानपुऱ्याची खर्जाची तार विरघळते," हे म्हणाले. "ती सुटी ऐकू यायला हवी."

"वा! कान आहे तुम्हाला," खांबेटे खूश झाले. "शंभरात एक माणूस हे सांगतो. दुसरा ऐका. हा स्वच्छ आहे. काही लपवत नाही."

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. बाहेर फक्त कुजबुजल्यासारखं काही येत होतं, गाणं असावं. मला मात्र अण्णांच्या तीनच्या गोळीची काळजी लागली होती. सिस्टरांना सांगितलं का मी? चिठ्ठी लिहून डब्याखाली ठेवली होती, पण कुठल्या डब्याखाली? पर्समधून फोन काढावा म्हणून मी डाव्या हाताने मांडीवरची पिशवी जरा बाजूला केली. प्लास्टिक सरसरलं.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत, वळले नाहीत. फक्त हात वर केला. "हेमा, ती पिशवी."

मी पिशवी तशीच धरून राहिले.

मला आधी इतकंच वाटलं की चुकले. ऐकण्यात व्यत्यय आणला. मग मी अंतर बघितलं. आठ-दहा फूट तरी होतं. कानावर ते मखमलीचे वाडगे, आत कुणीतरी गात होतं, आणि ह्यांना पिशवी ऐकू आली होती.

खांबेटे चहा आणायला आत निघाले. मी उठून त्यांच्या मागे गेले. स्वयंपाकघरात त्यांनी थर्मास उघडला.

"मी घेते की," मी म्हटलं.

"तुमचा हात बघा आधी. बसा तुम्ही."

"एक विचारू? ह्यांना पिशवीचा आवाज कसा आला? कानात गाणं चालू होतं."

खांबेटे हसले. "येणारच. ते हेडफोन उघडे आहेत ना, वहिनी. बाहेरून जाळी बघितलीत? आतला आवाज त्या जाळीतून बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. मुद्दामच तसं करतात. मग गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, मोकळ्या मैफलीत बसल्यासारखं वाटतं. म्हणून तर तुमचा पंखा बंद केला मी. पंखासुद्धा ऐकू येतो त्यात."

"पंखासुद्धा?"

"सगळंच. म्हणजे फार मोठ्याने लावलं तर नाही. पण निकमसाहेब हळू आवाजात ऐकतात. जाणकार हळूच ऐकतात." त्यांनी कपात चहा ओतला. "बघा, आता हा चहाचा आवाजसुद्धा गेला असेल त्यांना. साखर चालते ना?"

मी चालते म्हणाले असेन. मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या मनात राग वगैरे काही आलं नाही. मला फक्त एक-एक दिवस आठवायला लागला. अण्णांना हगवण लागली होती तो दिवस. दिवे गेले होते आणि त्यांना धाप लागली होती ती संध्याकाळ. 'अहो, जरा हात द्या' हे मी दिवसातून किती वेळा म्हणायची, आणि किती मोठ्याने.

"त्यांनी घेतानाच असे मागितले असतील?" मी विचारलं.

"उघडे? हो, मागूनच घ्यावे लागतात. बंद हवे की उघडे, हा पहिला प्रश्न असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कधी ऐकलं नाहीत त्यातून?"

"नाही."

"काय सांगता! दोन वर्षं घरात आहेत! चला, आधी तुम्ही ऐका."

आम्ही बाहेर आलो. खांबेट्यांनी ट्रे ठेवला आणि ह्यांच्या खांद्याला हात लावला. "साहेब, दोन मिनिटं वहिनींना द्या."

ह्यांनी हेडफोन काढले. "तिला कशाला? हात दुखतोय तिचा. केस अडकतील."

"मी घालून देतो की."

"अहो, पण तिला त्यातलं..."

"ऐकते मी," मी म्हटलं.

हे खुर्चीतून उठले. मी बसले. गाद्या ह्यांच्या कानांनी गरम झालेल्या होत्या. खांबेट्यांनी नीट बसवून दिले आणि पेटीवरचं बटण होतं तिथेच राहू दिलं.

एक बाई भीमपलास गात होती. खरंच सुंदर होतं. डाव्या अंगाला तानपुरा, त्याच्या तारा एकेक मोजता येतील अशा. ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, मला एकटीला सांगितल्यासारखं गात होती. दोन-तीन वर्षांत मी एक गाणं पुरं ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, ते गाण्याने की कशाने, मला आजही सांगता येणार नाही.

आणि त्या गाण्याच्या मागे खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. खांबेट्यांनी कप बशीत ठेवला. मग ह्यांचा आवाज, हळू, खांबेट्यांकडे झुकून बोललेला: "बास झालं आता. तिला यातलं काही कळत नाही."

"ऐकू येतंय मला," मी म्हटलं.

खांबेट्यांना वाटलं मी गाण्याबद्दलच बोलतेय. "येणारच! कसं वाटलं?"

"सगळं ऐकू येतंय," मी म्हटलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर पेटीवरच्या बटणाकडे नेली. पस्तीस वर्षं मी त्या माणसाचा चेहरा ओळखत होते. ऑफिसातले साहेब ह्यांच्यावर रागावले की कसा होतो, आमचा मुलगा नापास झाला तेव्हा कसा झाला होता. असा मी तो कधी पाहिला नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आता तिसरा ऐकू," खांबेटे म्हणाले. "याचे व्हॉल्व्ह अजून पाच मिनिटं घेतील, पण..."

"नको. हाच द्या," हे म्हणाले.

"अहो, ऐका तरी. इतक्या लांबून आलात."

"हाच द्या. हाच बांधून द्या."

दोन वर्षं वह्या भरणाऱ्या माणसाने उभ्या उभ्या निवड केली. खांबेटे जरा हिरमुसले. चहा निवत राहिला. खोकं बांधताना ते मला म्हणाले, "वहिनी, पंखा लावू का आता?" मी म्हटलं, "लावा."

आम्ही गाडीत बसून निघालो. खोकं मागच्या सीटवर होतं. वारज्याच्या पुलापाशी वाहनं तुंबली होती. हे गिअरवर हात ठेवून पुढच्या ट्रकच्या मागचं काहीतरी वाचत होते.

मी विचारलं, "त्या दिवशी ऐकू आलं होतं?"

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

"पहिल्यांदा नाही," ते म्हणाले.

"मग?"

"दुसऱ्यांदा आलं."

"मी बऱ्याचदा ओरडले."

"हो."

"मग का आला नाहीत?"

ट्रक हलला. ह्यांनी गाडी हातभर पुढे घेतली, परत थांबवली. "उठतो, आता उठतो, असं करत बसलो. खरंच उठणार होतो. मग तुझी हाक थांबली. वाटलं, झालं असेल."

"झालं होतं."

"मला अण्णांना तसं बघवत नाही, हेमा. उघडं, लहान मुलासारखं. ज्या माणसाने मला..." त्यांचा आवाज फुटला. "मला नाही बघवत."

"मलाही बघवत नाही," मी म्हटलं.

 मला भांडायचं नव्हतं. भांडायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. मला झोपायचं होतं, अशा ठिकाणी की जिथून मला कुणी उठवणार नाही.

कात्रजची पाटी दिसली तेव्हा मी म्हटलं, "मला धनकवडीला सोडा. कुसुमकडे." कुसुम माझी धाकटी बहीण.

"आत्ता? भेटायला?"

"राहायला."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "हेमा, असं काय करतेस? सहाला मोकाशी सिस्टर जाणार. अण्णांचं कोण बघणार? रात्री दोनदा उठवावं लागतं त्यांना. मला कसं कळणार?"

"हाक मारतील ते," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू येईल."

कुसुमने दार उघडलं आणि माझा हात, मागे उभी असलेली गाडी, गाडीत बसून राहिलेले हे, असं सगळं एकदा बघितलं.  आतल्या खोलीत गादी घातली. मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायलाच उठले.

ह्यांचे फोन यायचे. पहिल्या दिवशी चार. "ती पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?" मी सांगायची. "डायपर कुठल्या दुकानातून आणतेस?" मी सांगायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कूस बदलताना ते कण्हतात. तू कसं करतेस?" मी म्हटलं, "आधी गुडघा दुमडा, मग कमरेखाली हात घाला. आणि सांगून करा. न सांगता ओढलं की ते घाबरतात."  "बरं," ते म्हणाले. पाचव्या दिवशी फोन करून नुसते रडले. मी फोन कानाला लावून बसून राहिले. मी धीर दिला नाही. तेव्हा आणि आताही मला त्याबद्दल वाईट वाटत नाही. सातव्या दिवशी म्हणाले की दिवसपाळीला एक मामा मिळाले आहेत, सिव्हिल हॉस्पिटलात रुग्णांचं करायचं काम केलेले. "रात्री मीच असतो," म्हणाले.

मी परत येणार का, हे त्यांनी विचारलं नाही. मी पुढे तीन महिन्यांनी परत आले, खांदा जुळल्यावर. अण्णा त्यानंतर चार वर्षं होते आणि ती चारही वर्षं रात्रीचं सगळं ह्यांनीच केलं. आम्ही दोघं अजून त्याच फ्लॅटमध्ये आहोत. लोकांना यात गोष्ट संपल्यासारखी वाटते. पण मला सांगायचंय ते बाराव्या दिवसाचं.

बाराव्या दिवशी मी एसटीने साताऱ्याला गेले. कपडे घ्यायचे होते, डॉक्टरांचे जुने कागद घ्यायचे होते, आणि चारच्या गाडीने परत फिरायचं होतं. कळवलं नव्हतं. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मामा जेवायला गेले होते, हे औषधं आणायला. घरात अण्णा एकटे होते.

खोली आवरलेली होती, पण माझ्या पद्धतीने नाही. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, गोळ्या बुटांच्या खोक्यात. अण्णांची दाढी केलेली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. मला बघून त्यांचा डावा डोळा ओला झाला.

"आलीस," ते म्हणाले.

"कपडे न्यायला आले. कसे आहात?"

त्यांनी डावा हात हलवला. बरा आहे, असं. मग चेहरा ओढायला लागले. काही सांगायचं असलं की ते असं करायचे. मी स्टूल ओढून बसले. त्यांच्या शब्दाची वाट बघायची मला सवय होती.

"खांदा... माझ्यामुळे."

"नाही हो अण्णा. स्टूल सरकलं."

त्यांनी मान हलवली. डाव्या हाताचं बोट दाराकडे केलं. तिथून गॅलरीतली वेताची खुर्ची दिसत होती. रिकामी. "शशी... त्याला... ऐकू यायचं."

 मला वाटलं, ह्यांनी रात्री कधी त्यांच्याजवळ बोलून दाखवलं असेल.

"ते बोलले तुमच्याशी?"

"नाही. मी... बघायचो." प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते. "तू हाक मारलीस की... त्याचा हात... डबीवर. आवाज... कमी करायचा. ऐकायचा. मग... परत मोठा."

त्यांच्या पलंगावरून ह्यांचा उजवा हात आणि मांडीवरची ती डबी दिसत असणार. दोन वर्षं, रोज. मी त्या खोलीत पाठमोरी, वाकून, त्यांचं करत असायची आणि माझ्या खांद्यावरून ते बघत असायचे.

"फेब्रुवारीच्या आधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या... महिन्यापासून."

"मग मला सांगितलं का नाहीत, अण्णा?"

ते नुसता चेहरा ओढत राहिले. मला वाटलं, शब्द सापडत नाही. पण शब्द होता. उच्चारायचं धाडस नव्हतं.

"तू... गेली असतीस."

पंखा फिरत होता. मी माझ्या पट्ट्यातल्या हाताकडे बघत बसले. 'नाही हो, कशी जाईन मी तुम्हाला टाकून,' हे वाक्य तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं असली वाक्यं मी सहज बोलत आले होते.

"हो," मी म्हटलं. "गेले असते."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. अर्ध्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "आता... जा," ते म्हणाले. "तो करतो. वाईट करतो. पण... करतो."

मी उठून कपाटातून साड्या काढल्या, कागद घेतले, डाव्या हाताने जेमतेम पिशवी भरली. निघताना परत त्यांच्या खोलीत डोकावले. ते ओठांवरून जीभ फिरवत होते. तहान लागली की ते असं करतात. पाण्याचा तांब्या आणि नळीचा पेला उशाशीच होता. डॉक्टरांनी तेवढं उचलायची परवानगी दिली होती. मी पुढे झाले.

"नको," अण्णा म्हणाले.

"अहो, तहान लागलीय तुम्हाला. मी देते की."

"नको. तो... येईल."

मी दारात थांबले. पिशवी डाव्या हातात होती. हे केव्हा येणार याची काही खात्री नव्हती. तीन वाजून गेले होते. अण्णा छताकडे बघत होते आणि पेल्याकडे मुळीच बघत नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग खाली फाटक वाजलं, जिन्यात ह्यांची पावलं आली, बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

अण्णांनी मान उचलली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. झटका आल्यापासून इतक्या वर्षांत त्यांनी ह्यांना कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. शाळेतल्या मास्तरांच्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी त्यांनी हाक मारली.

"शशी! पाणी!"

"आलो, आलो अण्णा," म्हणत, पायातल्या चपलाही न काढता, हे माझ्या बाजूने धावत आत गेले. मी तिथे उभी आहे हे त्यांना दिसलंही नाही.

मी चारच्या गाडीने पुण्याला गेले.